अडतीस घरांचा वाटा

मालवणच्या जेटीजवळ आमची बर्फाची फॅक्टरी आहे. तिथे शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या डब्यात एक लादी आहे, जी तीन वर्षं विकलेली नाही. बोटवाले घाई करतात, आयमाय काढतात, पण ती लादी मी देत नाही. तिच्यात एक चप्पल आहे. डाव्या पायाची, नऊ नंबर, अंगठ्याकडे झिजलेली.

चप्पल देवेशची. चोरली मी.

मी बाबू. पंचवीस वर्षं ह्या फॅक्टरीत लाद्या काढतो. देवेश फिटर होता, कॉम्प्रेसर नि अमोनियाच्या नळ्या त्याच्या ताब्यात. आम्ही दोघं पहिलीपासून एकत्र. एकत्र म्हणजे एकत्र मार खाल्लेले. एका वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरायच्या आधीच आम्ही ठरवून टाकली. ती तारीख पंचांगात नसते, देवीकडून ठरते, आणि मुंबईची माणसं कान लावून बसलेली असतात, कधी कळतेय नि कधी तिकिटं काढतोय. आम्ही कट्टा गावच्या टेलिफोन बूथवरून मुंबईत एकाच माणसाला फोन केला. एकालाच. दुसऱ्या दिवशी परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत पोचली बातमी. वीस-बावीस जणांनी तिकिटं काढली, एकाने रजा टाकून साहेबाशी भांडण केलं. आंगणेवाडी मसुऱ्यात, तिथे माझा मामा राहतो, तो काठी घेऊन आला होता. देवेश हसून हसून माडाला टेकून खाली बसला. तो हसला की त्याचा आवाज निघत नाही, फक्त खांदे हलतात. मला आयुष्यात जे काय करायचं होतं ते एवढंच, ते खांदे हलवायचे.

तर हा देवेश आफ्रिकेला गेला.

मुंबईच्या एजंटने बोलावलं, त्याने नळ्यांचं काम बघितलं, आणि त्रिसागर इंजिनिअरिंग नावाच्या कंपनीने उचलला. त्या कंपनीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वायूचा कारखाना बांधायचं काम मिळालं होतं. जमिनीखालचा वायू काढायचा, थंड करून पाण्यासारखा पातळ करायचा, जहाजात भरायचा नि देशोदेशी विकायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. देवेशने जाण्याच्या आदल्या दिवशी फॅक्टरीत उभं राहून समजावलं.

"आपलो बर्फ कितीर होता?"

"मिठाच्या पाण्यात उणे दहा, बारा."

"थंय उणे एकशे बासष्ट. सहाशे घागरी वायू एका घागरीत बसता. बाब्या, ही आपलीच फॅक्टरी रे. डबो तेवढो मोठो."

"मगे आपल्याच डब्याक काय झाला?" मी म्हणालो.

 त्याच्या घरात लेकीचं, प्राजक्ताचं कॉलेज होतं, घरावर पत्रे होते. मला ते माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी एस्टी सुटताना मी त्याची बॅग वर टाकायला मदत केली आणि मदत करता करता बॅगेतली डावी चप्पल काढून घेतली. चौथ्या दिवशी फोन आला. "मेल्या, शिरा पडली तुझ्या तोंडार. चप्पल खंय आसा माजी?"

"येवन घेवन जा," मी म्हटलं.

खांदे हलले असणार. आवाज आला नाही म्हणजे हललेच.

नवीन जोड त्याने घेतला नाही, हे मला नंतर कळलं. खोलीत एका पायात चप्पल घालून फिरायचा. आणि मी इकडे ती चप्पल डब्यात टाकली, वर पाणी सोडलं, गोठवली. येईल त्या दिवशी लादी त्याच्या पायाशी आपटायची, असा बेत.

*

शेअर मी नंतर घेतले. आमच्या घरात शेअर म्हणजे दारूनंतरची पायरी. पण फोनवर खातं निघतं असं कळलं, मग काढलं. आधार दिलं, पॅन दिलं, मग फोन म्हणाला चेहरा दाखवा. तीन वेळा म्हणाला, "कृपया चेहरा सरळ ठेवा." पन्नास वर्षांत हे मला कोणी इतक्या नम्रपणे सांगितलं नव्हतं. त्रिसागरचे दहा शेअर घेतले. दहाच.

फायद्यासाठी घेतले असं वाटलं तर वाटू दे. खरं असं की सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा, आणि फोनवर त्रिसागरचा आकडा हलायचा. तो हलला की मला वाटायचं, देवेश कामाला लागला. हिरवा झाला की जेवला. लाल झाला की काहीतरी बिनसलंय. लाद्या फोडणारा पोऱ्यासुद्धा विचारायचा, "बाबूकाकानू, आज देवेशकाका कितीर आसत?"

मग मी कंपनीचे कागद वाचायला लागलो. दर तीन महिन्यांनी येतात, फोनवर. माझं इंग्रजी म्हणजे टुरिस्टांना बर्फ विकण्यापुरतं, पण आकडे कळतात. "टाकी क्रमांक दोन, प्रगती एकसष्ट टक्के." ते एकसष्ट मी इतक्या वेळा वाचलं की कोणी बायकोचं पत्रसुद्धा वाचत नसेल. त्या एकसष्टातला अर्धा-पाव टक्का तरी आमच्या देवेशच्या हाताचा होता. पुढच्या वेळी अडुसष्ट. बरा आहे म्हणजे, काम करतोय.

त्याला जाऊन आठ महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी फोन आला. आवाज पार बसलेला.

"बाब्या, माका हंय नको. जीव लागणा नाय. समोर दर्या आसा, पण वासच नाय रे त्येका. मी येतंय परत."

आता मी "ये" म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंच होतं. पण मला आठवलं की आठ महिन्यांत आला तर एजंट कागद अडवणार, अर्धा पगार बुडणार, त्याची बायको, सत्यवती वहिनी, गप्प बसणार, आणि हा जेटीवर बसून लाजणार. वेळ मारून न्यायची म्हणून, त्याला हसवायचं म्हणून, मी थाप मारली.

"येवचा नाय आता. तू कामगार ऱ्हवलंस नाय. रापणीचे पैशे आसत तुझ्या कारखान्यात."

"कसले पैशे?"

"वासू तांडेलान सगळ्यांक बसवन सांगितल्यान, आपलो माणूस जंय आसा थंय आपलो वाटो होयो. अडतीसच्या अडतीस घरांनी त्रिसागरचे शेअर घेतले. तुझ्या हातात दोरी आसा, लक्षात ठेव."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर आणायच्या, दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. ओढता ओढता माणसं मागे सरकतात. सगळ्यात मागचा माडांपर्यंत पोचला की दोरी सोडून पुढे पाण्याकडे जातो आणि तिथे परत धरतो. आमच्या रापणीत अडतीस घरं, प्रत्येक घराचा वाटा, आणि सगळ्यांचा म्होरक्या वासू तांडेल. नियम एक. जाळं पाण्यात असताना कोणी घरी जायचं नाही. प्राजक्ता जन्मली त्या सकाळी देवेशला वाळूवर निरोप आला होता. त्याने ऐकला, मान हलवली आणि ओढत राहिला. जाळं वर आलं तेव्हा धावला.

अशा माणसाला मी म्हटलं, दोरी तुझ्या हातात आहे.

फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं हसतोय. मग म्हणाला, "आबा मास्तरानसुद्धा घातल्यान पैशे?"

"तेणां तर पेन्शनीतले घातल्यान."

"सुगंधा काकीन?"

"कोंबडे विकान."

"काय सांगतंस!" त्याचा आवाजच बदलला. "बाब्या, माका कोणी सांगूक नाय."

"आनि तूव बोला नको. घरात तर नकोच. बायकांक कळला तर शेअर मोडून सोन्याचे पाटले करतीत. तांडेलाची ताकीद आसा, ह्यो विषय फोनार काढूचो नाय."

हा शेवटचा टाका मी घातला, कारण थाप मारायची तर शिवण पक्की हवी. फोन ठेवला, हसलो, लाद्या काढायला गेलो. पुढच्या रविवारी खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला, वेळेआधी. "लिहून घे," म्हणाला. "वाटेकऱ्यांक सांगूक होया. टाकीच्या आतलो पत्रो बसलो. माझ्या टोळीन चारशे मीटर नळी जोडल्यान, एकव जोड गळणा नाय." एक तास बोलला. मालवण सोडल्यापासून इतका बोलला नव्हता. मी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, बर्फाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा फोन. मग दर रविवारी. मी पण रंगवायला लागलो. तांडेल विचारत होता, पंप कुठला? सुगंधा काकी म्हणाली, पोराला सांग, उन्हात टोपी घाल. तो उत्तरं द्यायचा, अगदी काकीलासुद्धा. "सांग तिका, टोपी आसा. लोखंडाची आसा."

खरं सांगितलं असतं तर फोन महिन्याला एक झाला असता. मला दर रविवारचा एक तास मिळत होता. चोराला एकदा गोडी लागली की तो चप्पल सोडून पुढे जातो.

*

दोन वर्षं झाली, देवेश आला नाही. चतुर्थीला आला नाही, शिमग्याला आला नाही. विचारलं की म्हणायचा, "काम अडलाहा." मलाही पटायचं, कारण कागदात तसंच असायचं. वायू सुटायची तारीख सहा महिने पुढे. परत सहा महिने पुढे. तारीख पुढे गेली की भाव पडायचा, आणि माझ्याएवढं दुःख दलाल स्ट्रीटवर कोणाला होत नसेल. त्यांचे पैसे पुढे जायचे, माझा माणूस.

तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात एका सोमवारी त्रिसागर एकदम वर. दिवसाला वरची मर्यादा लागली. मंगळवारी परत. मी वाचलं तर कंपनीला त्याच कारखान्याच्या दुसऱ्या टप्प्याचं काम मिळालं होतं. आणखी दोन टाक्या. पोऱ्या नाचायला लागला, "देवेशकाका दुप्पट झाले!" मी त्याला एक लादी जास्त फोडायला लावली. दोन टाक्या म्हणजे किती वर्षं, हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी एक मुलगा फॅक्टरीत आला. सव्वीस-सत्तावीसचा, उन्हाने करपलेला, हातात पिशवी.

"बाबूकाका तुमीच मां? मी विनीत. वेंगुर्ल्याचो. देवेशकाकांबरोबर साईटवर स्टोअरात असतंय. रजेर इलंय." त्याने पिशवी दिली. "ह्या तुमका दिल्यानी."

उघडून बघतो तर काजूगर. आफ्रिकेतले. वेंगुर्ल्याच्या मुलाच्या हातून, मालवणात, काजू. मी तिथेच लाद्यांवर बसलो हसत. शाबास रे देवेशा, अजून हात शाबूत आहे.

विनीत मात्र हसला नाही. "काका, एक विचारू? तुमच्या रापणीतले लोक इतके कडक कशे?"

"कडक कसले?"

"काकांची रजा दोनदा मंजूर झाली. तिकिटासकट. पयली त्यांनी एका बिहारी पोराक दिली. दुसरी माका. मी आता हंय आसंय तो त्यांच्या तिकिटार." त्याने मान खाली घातली. "मी सांगितलंय, काका, जावा तुमी. तर म्हणाले, अडतीस घरांचे पैशे आसत, जाळा पाण्यात आसा, माका दोरी सोडूक येवची नाय."

बर्फाच्या फॅक्टरीत माणसाला घाम फुटत नाही. मला फुटला.

"आनि आता दुसऱ्या टप्प्याचो कागद इलोहा. शनिवारी सही. केली की दोन वर्सा. ते करतले. त्येंची पाठ धरलीहा काका, पट्टो बांधून कामार जातत. पण करतले."

बुधवार. मी बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार.

*

आधी सत्यवती वहिनीकडे गेलो. देवेशला सांगायच्या आधी तिला सांगायला हवं, एवढी अक्कल होती. ती मागच्या पडवीत तारले साफ करत होती. प्राजक्ता घरात नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. थाप, रविवार, पावतीपुस्तक, दोन तिकिटं.

वहिनीचा हात थांबला नाही. दोन मासे झाले, तीन झाले.

"शेअर घेतले कोणी?"

"मीच. धा."

"बाकी कोणीव नाय?"

"कोणीव नाय."

मग तिने कोयती खाली ठेवली. "भावजीनू, दोन वर्सा माका वाटता, ह्येका माजो कंटाळो इलो. फोन करता, पैशे धाडता, पण येणा नाय. मी आरशात बगीत बसतंय. मी कोणाक बोललंय नाय. काय बोलतलंय? घोव येणा नाय म्हणान?" ती रडली नाही. रडली असती तर मला बरं झालं असतं. "तुमी दर आयतवारी हसत हसत सांगूक येतास, देवेश बरो आसा म्हणान. आनि मी तुमका च्या करून देतंय."

मला एक विनोद सुचला होता. देवाशपथ, तेव्हासुद्धा सुचला होता. गिळला.

"हाडा तेका," वहिनी म्हणाली. "कशेव हाडा. तुमीच गाठ मारल्यात, तुमीच सोडा."

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन लावला. तिकडे सातचा सुमार, कामावर जायच्या आधीची वेळ. म्हटलं, "देवेश, रापणीचे पैशे नाय आसत. मी थाप मारललंय. सगळी थाप."

खांदे हलले असणार. मग, "सत्यवतीन सांगितल्यान मां तुका? माका परत बोलवूक?"

"नाय रे. खरा सांगतंय."

"बाब्या, तू खरा सांगतंस तेवा 'खरा सांगतंय' म्हणणा नाय."

मी खात्याचं पान फोनवर दाखवलं. दहा शेअर. तो डोळे बारीक करून बघत राहिला. "तुजे दहाच? सुगंधा काकीन कोंबडे विकान वीस घेतल्यान, आनि तू दहा? म्हणान लाजतंस काय मेल्या?"

आता यावर काय करायचं, सांगा. तीस वर्षं मेहनत करून मी असं नाव कमावलं होतं की माझं खोटं कोणीही घेईल, आणि खरं फुकटसुद्धा कोणी घेणार नाही.

*

शुक्रवारी पहाटेच किनाऱ्याजवळ बांगडे आल्याची बातमी आली होती, म्हणून नऊ वाजता रापण पडली. दोन्ही दोऱ्यांवर माणसं होती. मी वासू तांडेलाजवळ गेलो. तांडेल सत्तरीचा, एक डोळा मिटलेला, पण दुसऱ्याने दोघांचं बघतो. त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. दोरी ओढता ओढता सगळ्यांनी ऐकलं.

 मग तांडेल म्हणाला, "म्हणजे मी दोन वर्सा आफ्रिकेत कारखानो बांधतंय?"

"होय."

"पंप खंयचो घातलंय?"

"इटलीचो."

तांडेल थुंकला. "बरो पंप नाय तो."

हशा उसळला. मग आबा मास्तर दोरीवरूनच ओरडले, ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, रागावले की शुद्ध बोलतात. "बाबू, हे तू अत्यंत चुकीचं केलंस. पैसे आम्ही घातले असं सांगितलंस, तर मग खरंच का घालून घेतले नाहीत? भाव किती वर गेलाय तुला माहीत आहे?"

"माज्या कोंबड्यांचे झाले असते मां दुप्पट!" सुगंधा काकी टोपल्यांकडून म्हणाली.

"गप ऱ्हवा," तांडेल म्हणाला. "फोन लाव तेका. आमी सांगतों."

साडेदहाला व्हिडिओ लावला आणि फोन एकेकासमोर धरला. पण ही माणसं कसली साक्ष देणार! प्रत्येक जण 'आमी पैशे घालूक नाय रे' म्हणायचा आणि शेवटच्या शब्दाला फुटायचा. काकी तर पदर तोंडात कोंबून, "माका शेअर म्हणजे काय ताच म्हायत नाय," म्हणाली, नि देवेश तिकडून, "काकीनू, मास्तरांनी शिकवलेला पाठ बरा म्हटलास." मास्तर शुद्ध बोलले तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. मास्तर एरवी त्याच्याशी शुद्ध कधी बोलत नाहीत.

"बाब्या, पुरे कर," देवेश म्हणाला. आता तो हसत नव्हता. मागे खाटेची लोखंडी कड दिसत होती, तिच्यावर पाठीचा पट्टा लटकवलेला. "सगळ्यांचा काळीज माका कळता. मी दमलंय ता तुमका विनीतान सांगितल्यान, म्हणान तुमी पैशांर पाणी सोडूक तयार झालास. पण मी असो अर्ध्यात सोडूचो नाय. उद्या सही करतंय. जाळा वर येवंदे."

असं म्हटल्यावर हशा बंद झाला.  त्यांनाही आता कळलं की माझी थाप कुठे जाऊन बसलीय. काकीने पदर खाली सोडला.

  फोन हातात, देवेश त्यात, आणि दोरीवर माणसं पुन्हा ओढायला लागली, कारण जाळं कोणासाठी थांबत नाही. "हंऽऽ" करून एक पाऊल मागे. पुन्हा एक पाऊल. सगळ्यात मागे दाजी होता, त्याची पाठ माडाला लागली. तांडेल ओरडला, "दाज्या, सोड! पाण्यार जा!" त्याच्या पुढच्याने "धरलीऽ!" म्हटलं, तशी दाजीने दोरी सोडली, कंबर दाबली आणि सगळ्यांच्या बाजूने चालत खाली पाण्याकडे गेला, गुडघाभर लाटेत उभा राहिला आणि पुढच्याच्याही पुढे दोरी धरली.

मी फोन तिकडे वळवला.

"बघतंस?"

"दाजी मां तो? म्हातारो झालो रे."

"देवेश, पैशांचा सोड. खरे असांदेत, खोटे असांदेत. तू दोरी कदी धरलंस?"

"तीन वर्सा होतीत."

"तीन वर्सा मागे मागे जातंस. आता तुझी पाठ माडाक टेकली. पट्टो दिसता माका तुजो." मी खाकरलो. "रापणीत मागच्यान काय करूचा असता?"

त्याने फोन जवळ घेतला.

"तूच सांग. माझ्यार विश्वास ठेव नको. तुका म्हायत आसा ता सांग."

"मागच्यान सोडूची असता," तो सावकाश म्हणाला.

"आनि खंय जावचा?"

तांडेलाने माझ्या हातातला फोन घेतला. उलटा धरला, मी सरळ केला. म्हाताऱ्याने आपल्या एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं आणि दाजीला दिली तशीच हाळी दिली, तितक्याच जोरात, जसा काय हा वाळूवर समोरच आहे.

"देवेश, सोड! पाण्यार ये!"

आणि दोन्ही दोऱ्यांवरची माणसं वळली. कोणी शिकवलं नव्हतं. पण रापणीत तांडेलाची हाळी पडली की सोडणाऱ्याच्या पुढचा माणूस उत्तर देतो, म्हणजे मागच्याला कळतं की दोरी धरलेली आहे, पडत नाही. इथे कोण त्याच्या पुढचा, हे कोणाला ठाऊक? सगळ्यांनीच दिलं.

"धरलीऽऽ!"

फोनवर देवेशचा चेहरा हलेना. मला वाटलं रेंज गेली. मग दिसलं की खांदे हलतायत. हसतोय का काय करतोय ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याचा आवाज कधीच निघत नाही.

मी फोन घेऊन सगळ्यांपासून लांब, होडीच्या सावलीत गेलो.  इकडे लाट येत होती. तिकडे कोणीतरी त्याला कामावर चल म्हणून हाक मारत होतं, त्याने हात करून थांब म्हटलं.

"बाब्या."

"काय रे?"

"अडतीस घरा, सगळी थाप?"

"सगळी."

"सुगंधा काकीचे कोंबडे?"

"कोंबडे खरे. विकले नाय तिणां."

 "आनि आयतवारचा? मी सांगी ता कोण आयकी?"

"मी," म्हटलं. "मी एकटोच. लिहून ठेवलंय सगळा."

त्याने तोंडावरून हात फिरवला. आता शिव्या येतील म्हणून मी तयार राहिलो, मला त्या हव्या होत्या. पण तो म्हणाला, "सत्यवतीक सांग, सही करणा नाय. नको, सांगा नको. मीच सांगतंय, तुझ्या तोंडान सांगलंस तर तिका खरा वाटूचा नाय." मग थांबला. "माजी चप्पल खंय आसा?"

जिभेवर आलं होतं. कुत्र्याने नेली, दर्यात गेली, वासू तांडेल घालतो. तीन-चार तयार होत्या.

"बर्फात," मी म्हटलं. "कोपऱ्यातल्या डब्यात. तू गेलंस त्या दिसापासून."

"खरा?"

"खरा."

त्याने खाली आपल्या पायाकडे बघितलं. मला त्याचा पाय दिसत नव्हता, पण तो कुठला पाय बघतोय ते मला कळलं.

"मगे आजच वितळूक घाल," देवेश म्हणाला. "माका येवक आठ दिवस लागतले. चप्पल सुकूक होयी. ओल्या चपलेन जेटीर पाय घसारता."